गच्चीवरचं जेवण

अनंताची सगळी हयात लूमच्या कारखान्यात गेली आणि त्याचे कानही तिथेच गेले. अंबाडीजवळच्या एका पाड्यावरून तो भिवंडीला आला तेव्हा त्याला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. आधी सुताच्या कांड्या भरल्या, मग लूम चालवले, आणि पुढे जॉबर झाला. जॉबर म्हणजे बंद पडलेला लूम चालू करून देणारा माणूस. अंगावर सुताची पिंज, नखांत काळं तेल, आणि डोक्यात दिवसभर तो खडखडाट. एकदा का सगळे लूम सुरू झाले की शेजारच्याने कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं आवाजाने बोलतच नाहीत. ओठ हलवतात, हात दाखवतात, डोळ्यांनी समजून घेतात. आजमगडचा कामगार असो की तेलंगणातला, समोर उभा राहून त्याने नुसते ओठ हलवले तरी अनंताला त्याचं म्हणणं कळायचं.

पन्नाशी उलटता उलटता त्याला घरातलंही ऐकू येईनासं झालं. मेघालीने, त्याच्या एकुलत्या एक मुलीने, कानाचं मशीन आणून दिलं. ते लावलं की भांडं पडल्याचा आवाज मेंदूत शिरे आणि माणसाचं बोलणं मात्र बाहेरच राही. अनंताने ते डबीत ठेवून दिलं ते दिलंच. त्याची बायको तुळजा सुरुवातीला हाका मारून मारून घसा बसवून घ्यायची. मग तीही कारखान्याची रीत शिकली. समोर यायची, त्याच्या दंडाला हात लावायची आणि आवाज न काढता बोलायची. कामतघरच्या त्या चाळीत शेजारणी चेष्टा करायच्या, "या दोघांचं भांडान पन ऐकायला मिलत न्हाय."

तुळजाचं माहेर पडघ्याकडचं. बोलायला खणखणीत, हाताला चटपटीत बाई. दोन खोल्यांचं घर, मागे कारखान्याची भिंत, त्यामुळे भर दुपारीही स्वयंपाकघरात दिवा लावावा लागे. त्या अंधारात तिने सगळा संसार केला, मुलीला शिकवलं, लग्न करून दिलं. मेघाली आता एका मोठ्या गोडाऊनच्या ऑफिसात नोकरी करत होती आणि नवऱ्याबरोबर, धनेशबरोबर, कल्याणला राहत होती.

पावसाळ्याच्या तोंडाला तुळजाचं पोट दुखू लागलं. आधी ओवा-सैंधव झालं, मग नाक्यावरच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, मग डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा मेघाली तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. अनंता एकदाच बरोबर गेला. तिथल्या गर्दीत कुणाचं नाव पुकारलं, कुठल्या खिडकीवर बोलावलं, त्याला काही कळेना. मेघाली म्हणाली, "बाबा, तुम्ही ड्युटीवर जा. मी आहे ना आईबरोबर." पुढच्या खेपांना तो गेला नाही. घरी आल्यावर त्याने विचारलं की तुळजा सांगायची, "पोटात अल्सर हाय म्हनाले. पथ्य सांगितलंय." अनंताने अल्सर हा शब्द कारखान्यात ऐकला होता. एका मुकादमाला झाला होता आणि तो बरा होऊन पुन्हा मिरच्या खात होता. त्याने फार विचार केला नाही.

भादव्यात गणपती गेले, पावसाने उघडीप दिली, आणि मेघालीने एका शनिवारी फोनवर फर्मान काढलं की संध्याकाळी सगळे जेवायला बाहेर जायचं. कुठे, तर हायवेवरच्या त्या नव्या हॉटेलात, गच्चीवर.

त्या हॉटेलाची एक गोष्ट होती. तुळजाला माहेरी जाताना एसटीच्या खिडकीतून ते दिसायचं. गोडाऊनच्या लांबलचक पत्र्यांमध्ये एकच पांढरी इमारत, तिच्या माथ्यावर कंदिलांच्या माळा, आणि कठड्यापाशी बसलेली माणसं. नाव इंग्रजीत, वळणदार अक्षरांत. वाचता यायचं नाही. तुळजा दर वेळी म्हणायची, "एवढ्या वर बसून काय खात असतील वो?" आयुष्यात ती हॉटेलात जेवली होती ती वज्रेश्वरीच्या जत्रेत आणि अंबाडी नाक्यावरची मिसळ, एवढंच. मेघालीच्या हे लक्षात राहिलं होतं.

तुळजाने मेघालीच्या लग्नातली जांभळी साडी काढली. ती कमरेला राहीना, पिनांवर पिना लावाव्या लागल्या. अनंताने इस्त्रीचा शर्ट घातला. धनेश गाडी घेऊन आला, पुढचं दार उघडून सासूला म्हणाला, "मामी, तुम्ही पुढे बसा." जाताना तुळजा सगळ्या रस्त्याला बोलत असावी, कारण धनेश मान हलवून हलवून हसत होता. मागे बसलेल्या अनंताला तिची नुसती पाठ दिसत होती.

लिफ्टने वर गेले. गच्ची पाहून तुळजा क्षणभर दारातच थबकली. पांढऱ्या चुन्याच्या भिंती, निळी दारं, मोठ्या मडक्यांत बारीक पानांची झाडं, वेताच्या खुर्च्या, टेबलावर काचेत मेणबत्ती. खाली हायवे. नाशिककडून येणारे दिवे पांढरे, जाणारे लाल, आणि पलीकडे अंधारात गोडाऊनचे पत्रे तळ्यासारखे चमकत होते. वारा होता. तिने पदर खांद्यावरून लपेटून घेतला आणि कठड्याजवळची खुर्ची धरली.

"भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांतलं जेवण आहे मामा," धनेशने समोर येऊन सावकाश सांगितलं. "ग्रीस, तुर्कस्तान, लेबनॉन, तिकडचं."

मग एकेक बशी येऊ लागली. पहिली आली ती पिवळट लगद्याची, मधे खळगा आणि खळग्यात तेल. तुळजाने बोट लावून चाखलं. "ह्ये तं हरभऱ्याचं वाटान हाय," ती म्हणाली. बरोबर फुगलेल्या पोळ्या आल्या, आतून पोकळ. मग वांग्याचं काहीतरी आलं, भाजल्याचा वास असलेलं. अनंताने घास घेतला आणि त्याचा चेहरा उजळला.

"भरीत हाय गो!" तो जरा मोठ्यानेच म्हणाला. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज राहत नाही. शेजारच्या टेबलावरची मंडळी वळून बघू लागली. "भरीत खायला एवढ्या वर चढलो व्हय आपन?"

तुळजा हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवून, पूर्वी हसायची तशी हसली. धनेश हसला, मेघालीही हसली, आणि हसता हसताच मेघालीचं तोंड वाकडं झालं. तिने रुमाल शोधल्यासारखं केलं आणि उठून गच्चीच्या पलीकडच्या कोपऱ्यात गेली. धनेश तिच्यामागे गेला. तुळजाने तिकडे पाहिलं नाही. ती वाकून खालच्या गाड्या बघत होती.

अनंता मात्र पाहत होता. मेघाली भिंतीवरच्या कंदिलाखाली उभी होती, तोंड त्याच्याकडे. धनेश पाठमोरा. मधे चार टेबलं, वाजणारं गाणं, वेटरांची ये-जा. दुसऱ्या कुणाला एक अक्षरही ऐकू गेलं नसतं. ती अनंताच्याच घरात वाढलेली मुलगी. बापाला ओठांवरचं कळतं हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण एवढ्या लांबूनही कळेल हे तिच्या मनात आलं नाही.

तिचे ओठ म्हणाले, "मला नाही जमत हे."

धनेश काहीतरी बोलला असावा. मग पुन्हा तिचे ओठ. "डॉक्टर म्हणाले, आई दिवाळी बघेल की नाही सांगता येत नाही." तिने डोळे पुसले. "सगळीकडे पसरलाय. ऑपरेशनचाही उपयोग नाही म्हणाले." मग, "बाबांना सांगायचं नाही म्हणून आईने शपथ घातलीय. आणि ते बघ कसे हसतायत."

अनंताच्या हातात पोळीचा तुकडा होता. तो त्याने तोंडात घातला आणि चावू लागला. घास इकडून तिकडे फिरत राहिला. तुळजा वळली आणि तिने भुवया उंचावून विचारलं, काय झालं?

"काय न्हाय," तो म्हणाला. "ठसका लागला."

तिने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तेव्हा त्याचं लक्ष तिच्या ताटलीकडे गेलं. तिने दोनच घास खाल्ले होते. बाकीचं सगळं पोळीखाली नीट झाकून ठेवलं होतं, म्हणजे कुणाला दिसू नये. गेले कित्येक दिवस ती जेवायला त्याच्यानंतर बसत होती. का, ते त्याला आता कळलं.

मेघाली तोंड धुऊन आली. "डोळ्यात काहीतरी गेलं," ती म्हणाली. मासा आला, लिंबू पिळलेला, भाजलेला. अनंताने त्याचे काटे काढून एक तुकडा तुळजाच्या ताटलीत ठेवला. तिने तो खाल्ला, त्याच्यासाठी खाल्ला. धनेशने बिल मागवायला हात वर केला तेव्हा अनंता म्हणाला, "गोड काय मिलतं का हितं?" त्याला गोड आवडायचं नाही. पण खाली उतरलं की ही संध्याकाळ संपणार होती, आणि तिला वाऱ्यावर बसलेलं त्याला अजून थोडं बघायचं होतं. मधात बुडवलेली, पापुद्र्यांची वडी आली. तुळजाने एक पापुद्रा जिभेवर ठेवला आणि ओठांनीच म्हणाली, "लई ग्वाड हाय."

घरी आल्यावर अनंताने ठरवलं ते एवढंच, की आपल्याला कळलंय हे तिला कळू द्यायचं नाही. तिने एवढ्या कष्टाने झाकून ठेवलेलं आपण का उघडावं? त्याला माहीत नाही यात तिला समाधान असेल, तर ते राहू दे. बोलायला गेलं तर आपलाच धीर सुटेल, ही भीतीही होती. ती त्याने स्वतःशी कबूल केली नाही.

"कारखान्यात मंदी हाय, शेटनी येकच पाली ठेवलीय," असं त्याने तिला सांगितलं आणि दुपारी घरी येऊ लागला. मंदी खोटी नव्हती, पण पाळी त्याने स्वतः मागून कमी करून घेतली होती. घरी येऊन तो उगाच नळ दुरुस्त करी, माळा आवरी, तिच्या आसपास राही. तुळजा मात्र तो आला की अंथरुणातून उठायची. सकाळभर झोपून असायची, हे शेजारच्या गोदूबाईला माहीत होतं. पण नवऱ्याची चाहूल लागली की केसांवरून हात फिरवून ओट्यापाशी जायची. तांदळाची उकड काढायची, भाकऱ्या थापायची. थापता थापता ओट्याची कड घट्ट धरायची. अनंता दारातून बघायचा. तिची पाठ ताठ झाली की कळ आली, सैल पडली की गेली. "राहू दे, मी करतो," एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण म्हटलं तर ती विचारणार, का? आजवर कधी केलंत, ते आज का? मग तो गळ्यापर्यंत येईतो भाकऱ्या खायचा. एक जरी उरली तरी तिला संशय येईल असं त्याला वाटायचं. आणि तो खातोय बघून ती उद्या पुन्हा तेवढ्याच करायची.

असे दोघे एकमेकांसाठी राबत राहिले. नवरात्र गेलं. दिवाळी आली, तीही गेली. तुळजाने दारात कंदील लावून घेतला, करंज्या गोदूबाईकडून आणून डब्यात भरल्या आणि मीच केल्या म्हणून सांगितलं. अनंताने त्या वाखाणल्या.

थंडी पडली तशी तुळजा म्हणाली, "अकलोलीला जाऊ. ऊन पान्यात पाय सोडून बसावं वाटतंय." धनेशने गाडी काढली. अकलोलीच्या गरम कुंडांपाशी दोघांना सोडून तो आणि मेघाली वज्रेश्वरीला देवीच्या दर्शनाला गेले. कुंडाच्या पायऱ्यांवर वाफ होती. गंधकाचा वास येत होता. तुळजाचे पाय पाण्यात काटक्यांसारखे दिसत होते. पलीकडच्या कुंडापाशी गावच्या काही बायका आंघोळी उरकत होत्या.

तुळजाने अनंताच्या दंडाला हात लावला, त्याला आपल्याकडे वळवलं.

"तुमाला येक सांगायचं हाय," तिचे ओठ म्हणाले. "लई दिस सांगीन सांगीन म्हनते. ह्ये दुखनं अल्सरचं न्हाय."

"म्हाईत हाय मला," अनंता म्हणाला. तोंडातून निघून गेलं.

तिने विचारलं, "कदीपासून?"

"गच्चीवर जेवायला गेलतो, तवाच. पोरगी कोपऱ्यात बोलत व्हती. तिचे ओठ दिसले."

तुळजाने पाय पाण्यातून बाहेर काढले. आणि मग कित्येक वर्षांनी ती त्याच्याशी आवाज काढून बोलली. त्याला ऐकू आलं नाही, पण पलीकडच्या बायकांनी माना वळवल्या, त्यावरून कळलं. तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या.

"मी उबी ऱ्हायची!" ती म्हणत होती. "पोटात सुरी फिरल्यावानी व्हायचं, तरी उबी ऱ्हायची. तुमाला कलू नये म्हनून. तुमी जेवून उठलात की मोरीत जाऊन पदराचा बोला तोंडात कोंबायची. आन् तुमाला म्हाईत व्हतं? बसून बघत व्हतात?"

"मला वाटलं, मला म्हाईत न्हाय यात तुला बरं वाटतंय."

"काय बरं वाटतंय? येकटीला मरायला बरं वाटतंय व्हय कुनाला?"

 अनंता पायरीवरचं शेवाळ नखाने खरवडत बसला. मग तिनेच त्याच्या पाठीवर हात ठेवला. रागावून ती थकली होती. "मी तरी काय केलं," तिचे ओठ म्हणाले, पुन्हा बिनआवाजी. "मी पन लपवलंच की. दोघंबी सारकीच." मग, "पन ते दिस गेले, अवो. ते काय परत मिलनार न्हाईत."

मेघाली आणि धनेश परत आले तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसलेली होती आणि तुळजाचे डोळे सुजले होते. गाडीत तिनेच मेघालीला सांगून टाकलं, "तुज्या बापाला सगलं म्हाईत हाय. आता चोरी नको." कसं कळलं ते मात्र सांगितलं नाही.

त्या दिवसापासून तुळजा ओट्यापाशी गेली नाही. अंथरुणावर पडून तिने स्वयंपाक शिकवला आणि अनंताने केला. आमटी पातळ झाली, भात करपला, भाकरी तर त्याला शेवटपर्यंत जमली नाही. रोज संध्याकाळी तो तिच्या उशाशी, दिव्याच्या उजेडात तिचं तोंड दिसेल असा बसायचा. ती बोलायची. कुठली साडी कुणाला द्यायची, आपल्यामागे त्याने मेघालीच्या घरी जाऊन राहायचं की नाही, लहानपणी तिचा भाऊ ओढ्यात कसा गेला. तो ऐकायचा. एवढं बोलणं त्यांचं लग्नानंतर कधी झालं नव्हतं. पण ती लवकर दमायची, वाक्य अर्ध्यावर टाकून डोळे मिटायची. मग अनंताच्या मनात ते भाद्रपदापासूनचे दिवस यायचे. तेव्हा ती एवढी दमत नव्हती. आपल्याला कळलंय हे तेव्हा सांगितलं असतं तर किती बोलली असती. हिशेब लावत बसण्याची त्याला सवय नव्हती, पण हा विचार काही केल्या पाठ सोडीना.

पौषात एका सकाळी तो तिच्या दुखण्याचं औषध आणायला गेला. दुकान उघडायला उशीर झाला. परत आला तर दारात चाळीतल्या बायका उभ्या होत्या आणि त्यांनी त्याला वाट करून दिली. गोदूबाई तुळजाच्या उशाशी बसली होती. तिने पदराने डोळे पुसले आणि त्याच्या समोर येऊन, त्याला कळेल असं, सावकाश म्हणाली, "जाताना बोलली वो कायतरी. पन आवाजच न्हवता. नुस्ते ओठ हालले. मला काय उमगलं न्हाय."

अनंता खाली बसला. बायकांनी पाणी दिलं, ते तो प्यायला नाही.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. मेघाली आईच्या साड्या काढून बसली, तुळजाने सांगितल्याप्रमाणे वाटे करत. अनंता दाराशी बसला होता. तिने एक साडी घडी करून बाजूला ठेवली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"बाबा, एक विचारू? तुम्हाला कळलं कसं? मी तर कधीच काही बोलले नव्हते."

अनंताने तिच्याकडे पाहिलं. या दिवसांत ती निम्मी झाली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. खरं सांगितलं तर ती ते आयुष्यभर वागवणार होती, की माझ्याच तोंडून कळलं, त्या संध्याकाळी, आईला खूश करायला नेलं तिथेच. तुळजा असती तर म्हणाली असती, सांगून टाका. तिचं म्हणणं बरोबर होतं हे त्याला अकलोलीला पटलं होतं. तरी जीभ रेटेना.

"तिची तब्येत दिसत व्हती ना," तो म्हणाला. "माझं मलाच कललं."

मेघालीने मान हलवली. तिचा विश्वास बसला की नाही, त्याला सांगता आलं नसतं. ती उठली आणि उरलेल्या साड्यांच्या घड्या घालू लागली. अनंता उठून आत गेला, तांदूळ निवडायला घेतले, कारण मुलगी उपाशी होती आणि दुसरं कुणी करणारं घरात नव्हतं.